निवडचाचणीतला ‘ण’

‘सर्वांसाठी खुली’ असे शब्द नगरच्या एका नाट्यसंस्थेच्या निवडचाचणीच्या फलकावर आम्ही वाचले. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असा हा जिल्हा. अकोल्याच्या मुलीने एस.टी.ने इथवर यायचे, तर दिवसाचा मोठा भाग प्रवासातच सरतो. त्याविषयी आमची तक्रार नाही. रंगभूमी कष्ट मागतेच. तक्रार आहे ती पारखीविषयी. हाती दिलेल्या उताऱ्यातले ‘पाणी’ मुलीच्या तोंडी ‘पानी’ झाले, परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिले आणि चाचणी आटोपली! तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो काय, समोरच्या पात्राचे ती मन लावून ऐकते काय, हे कोणी पाहिलेच नाही.

आणि पुढे ग्रामीण नाटक लागले, की हाच ‘पानी’ शहरी नटीकडून महिनाभर घोटवून घेतला जातो. प्रेक्षक हसतात, संस्था खूश होते.

प्रमाण उच्चार यायला हवा, हे आम्हांस मान्य आहे. पण तालीम मग असते कशासाठी? 1905 साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आलेल्या नारायण राजहंसांनाही गोविंद बल्लाळ देवलांनी तालीम दिली, तेव्हा कुठे ते बालगंधर्व म्हणून उभे राहिले. ‘अर्धसत्य’ (1983) गाजविणारे सदाशिव अमरापूरकर याच नगरचे, हे सांगताना आपली छाती फुगते. त्यांच्या गावच्या मुलांना मात्र आपण पाच मिनिटे देत नाही.

निदान उतारा आठवडाभर आधी द्यावा, आणि एखादी चाचणी संगमनेरात वा शेवगावातही घ्यावी.