सही करण्याआधी



आमच्या उलव्यात गेले काही आठवडे एक निवेदन फिरते आहे. सोसायट्यांच्या वतीने कोणीतरी तयार केले आहे. मागण्या तीन: रेल्वे कर्मचाऱ्यांच्या संघटनांची मान्यता काढा, गाडी थांबवणाऱ्याला अत्यावश्यक सेवा कायद्याखाली आत टाका आणि मोटरमनच्या 'भरमसाट' पगाराची चौकशी करा. निवेदन घेऊन आलेल्या बाईंनी मला सांगितले, "ताई, तुमच्या महिला गटाचा शिक्का हवा. त्रास बायकांनाच जास्त होतो ना?"

त्रास बायकांना जास्त होतो, हे खरेच आहे. म्हणून कागद हातात घेतला तेव्हा माझा पेन जवळजवळ टेकला होता.

निमित्त अर्थात ६ नोव्हेंबर २०२५ चे. त्या वर्षी ९ जूनला मुंब्र्याच्या वळणावर गर्दीच्या गाड्यांतून प्रवासी खाली पडून मेले. त्या प्रकरणी पोलिसांनी रेल्वेच्या दोन अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. त्याच्या निषेधार्थ कर्मचाऱ्यांनी ६ नोव्हेंबरला संध्याकाळच्या ऐन गर्दीत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर सुमारे तासभर गाड्या रोखल्या. खोळंबलेले लोक डब्यांतून उतरून रुळांवरून चालू लागले. सँडहर्स्ट रोडजवळ दुसऱ्या गाडीने काहींना उडवले. दोघे गेले, त्यांत एक तरुण मुलगी होती.

मुंबईहून उलव्याला यायचे तर हार्बरने नेरूळ किंवा बेलापूर गाठायचे आणि तिथून उरणची गाडी धरायची. नोव्हेंबर २०१८ मध्ये ही लाइन खारकोपरपर्यंत आली आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत गेली. गाड्या मोजक्याच, त्यामुळे एक चुकली की फलाटावर ताटकळणे आले. त्या संध्याकाळी आमच्या गटातली एक मैत्रीण बामणडोंगरीला उतरली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. पाळणाघराच्या बाईंनी जादा वेळेचे पैसे लावले. नवऱ्याने "नोकरी सोड" हे जुनेच वाक्य पुन्हा ऐकवले. बेलापूरला दोन घरी स्वयंपाक करणाऱ्या दुसरीचा संध्याकाळचा खाडा धरला गेला. गाडी बंद होती हे मालकिणीला टीव्हीवर दिसत होते, तरीही. पुरुषाला उशीर झाला तर तो दमून येतो आणि ताटावर बसतो. बाईला उशीर झाला की तिला जाब द्यावा लागतो. हा राग खोटा आहे असे कोणी म्हणू नये. मीही म्हणत नाही.

उलट एक कबुली देते. ३ आणि ४ मे २०१० ला मोटरमननी वेतन आयोगातल्या अन्यायाविरुद्ध उपाशी राहून काम बंद केले आणि सगळी मुंबई ठप्प झाली. तेव्हा मी वाशी स्टेशनबाहेर शेकडो लोकांत उभी होते आणि "हाकला सगळ्यांना, नवी पोरं भरा" असे मोठ्याने म्हणाले होते. आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. पेपरांत मथळे होते की मोटरमननी मुंबईला वेठीस धरले. या शब्दाचा अर्थ मला फार उशिरा नीट कळला. वेठ म्हणजे गावकऱ्यांकडून, बलुतेदारांकडून फुकट करून घेतलेले काम. दाम न देता राबवणारा वेठीस धरत असे. आता कामाचा दाम मागणाऱ्यालाच आपण तसे म्हणतो.

पगाराचे बोलू. "लाख लाख रुपये घेतात, एक दांडा तर धरायचा असतो," असे लेडीज डब्यात ऐकू येते. सहायक लोको पायलट म्हणून भरती होणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे १९,९०० रुपये आहे. पुढे लोको पायलट झाल्यावर ते ३५,४०० पासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे आणि धावलेल्या किलोमीटरवर मिळणारा भत्ता. वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या मोटरमनच्या हातात चांगली रक्कम पडते, ते लपवायचे कारण नाही. पण तो दांडा काय आहे, तेही पाहा. लोकलच्या केबिनमधली मूठ दाबून धरावी लागते. हात सुटला की गाडीला आपोआप ब्रेक लागतो, म्हणून इंग्रजीत तिला मेलेल्या माणसाची मूठ म्हणतात. दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन, मध्ये सिग्नलमागून सिग्नल. एक लाल सिग्नल ओलांडला तर नोकरीवर गदा. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसे मरतात. त्यांतली कित्येक रूळ ओलांडताना गाडीखाली येतात, आणि ते समोरच्या काचेतून मोटरमनला दिसते. त्यानंतरही बहुतेकदा त्यालाच गाडी पुढे न्यावी लागते, कारण मागे आपण उभे असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका मोटरमनचा रूळ ओलांडताना गाडीखाली मृत्यू झाला. सहकारी अंत्यसंस्काराला गेले, अनेकांनी त्या दिवशी ओव्हरटाइम नाकारला आणि मध्य रेल्वेच्या कितीतरी फेऱ्या रद्द झाल्या. त्यांनी संप केला नव्हता, फक्त जादा काम केले नव्हते. म्हणजे आपली रोजची गाडी कोणाच्या तरी जादा तासांवर चालते. रिकाम्या जागा का भरल्या नाहीत, हे आपल्या निवेदनात कुठे आहे?

आता मुख्य मुद्दा, ज्यामुळे माझा पेन थांबला. ज्या कायद्याची मागणी आपण करतो आहोत, तो आपल्या बायांनी भोगला आहे. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांनी मानधनासाठी संप केला. पुढे मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने त्यांना मेस्मा, म्हणजे राज्याचा अत्यावश्यक सेवा कायदा, लागू केला. ज्यांना सरकार कर्मचारी मानायलाही तयार नव्हते, ज्यांच्या पैशाला पगार न म्हणता मानधन म्हटले जाते, त्या एकाएकी 'अत्यावश्यक' ठरल्या. विधिमंडळात गदारोळ झाला म्हणून तो निर्णय स्थगित करावा लागला. तेव्हा आपणच पत्रके काढली होती. आठवते ना? त्याआधी २०१० मध्ये मोटरमनवर हाच बडगा उगारला गेला तेव्हा मात्र आपण टाळ्या वाजवल्या होत्या, निदान मी तरी. आज मोटरमन, उद्या आशाताई, परवा रुग्णालयातली परिचारिका. कायद्याचा कागद तोच असतो, नाव तेवढे बदलायचे.

आणि "एवढ्याशा कामाला एवढे पैसे?" हा प्रश्न आपल्याला नवा आहे का? घरकामगार संघटनेने दर वाढवून मागितले की याच सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तेच लिहिले जाते. भांडी घासणे म्हणजे काय मोठे काम, पोळ्या लाटणे म्हणजे काय कौशल्य. काम दिसत नाही तोवर त्याची किंमत नसते. ते थांबले की लोक चिडतात.

१९७४ चा संप आपल्यातल्या वयस्क मैत्रिणींना आठवत असेल. ८ मेपासून वीस दिवस सुमारे १७ लाख रेल्वे कामगार संपात होते आणि त्यांचे नेते जॉर्ज फर्नांडिस संपाआधीच अटकेत होते. मागण्यांत बोनस होता, वेतन होते आणि इंजिनावरच्यांना आठ तासांचा दिवस हवा होता. रेल्वे वसाहतींत पोलीस घुसले, कुटुंबांची बिऱ्हाडे क्वार्टरांतून बाहेर काढली गेली, आणि पुरुष तुरुंगात किंवा भूमिगत असताना दारात उभ्या राहिल्या त्या बायका. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे काढत होत्या. पगार आणि महागाई या एकाच घरातल्या गोष्टी आहेत हे त्या पिढीला वेगळे समजावून सांगावे लागले नाही. संप मोडला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. बोनस मात्र १९७९ मध्ये मिळाला.

उलव्यात राहून तर आंदोलकांना नावे ठेवणे आपल्याला शोभत नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण गेले. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व पुढे आले. आज उलव्यातल्या कितीतरी इमारती, निवेदन फिरवणाऱ्यांच्यासुद्धा, त्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. तेव्हाही रस्ते अडले होते आणि कोणाचा तरी खोळंबा झालाच असेल.

एवढे म्हटल्यावर संघटनांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. ६ नोव्हेंबरचे आंदोलन मला मान्य नाही. पूर्वसूचना न देता, संध्याकाळी सहाच्या सुमारास, तेही ज्या प्रकरणात प्रवासीच मेले त्या प्रकरणावरून गाड्या थांबवणे हा प्रवाशांशी दुरावा वाढवण्याचा खात्रीचा मार्ग होता. दोन जीव गेल्यावर 'आम्ही जबाबदार नाही' एवढ्यावर भागत नाही. आपल्या सभांत गाडीत लोंबकळणाऱ्या बाईचा प्रश्न या संघटना कितीदा घेतात?

त्यांच्यातल्याच बायकांचे तरी काय? साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या शेवटी रेल्वेत आल्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या, मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली आणि सप्टेंबर २०२५ अखेर त्या निवृत्त झाल्या. दर ८ मार्चला त्यांचे फोटो छापले गेले. पण आजही बहुतेक इंजिनांत शौचालय नाही. मालगाडीवर आठ-नऊ तास काढणारी मुलगी पाणी पीत नाही, पाळीच्या दिवसांत काय करते ते तिलाच ठाऊक. चालकांना जेवणासाठी आणि शौचासाठी ठरावीक विश्रांतीचा नियम करणे शक्य नाही, अशी भूमिका रेल्वे बोर्डाने एप्रिल २०२५ मध्ये घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये लोको पायलटांच्या संघटनेने कामाच्या तासांसाठी ३६ तासांचे उपोषण केले, ते योग्यच होते. शौचालयाची मागणी मात्र मागण्यांच्या यादीत खाली कुठेतरी न राहता पहिल्या ओळीत यायला हवी, आणि ती पुरुष चालकांचीही आहे.

आमच्या गटाची बैठक झाली, बरीच वादावादी झाली. शेवटी शिक्का न देण्याचे ठरले. त्याऐवजी दोन पत्रे लिहिली. एक रेल्वे प्रशासनाला: उरण मार्गावर फेऱ्या वाढवा, चालकांच्या रिकाम्या जागा भरा, इंजिनात शौचालय द्या. दुसरे दोन्ही कर्मचारी संघटनांना: आंदोलनाची सूचना प्रवाशांना आधी द्या, गर्दीची वेळ टाळा आणि प्रवासी महिलांच्या प्रतिनिधींशी बोलायला बसा. हे लिहीपर्यंत कोणाचेही उत्तर आलेले नाही.

गटातल्या दोघींना हे पटले नाही. साडेदहाला बामणडोंगरीला उतरलेली मैत्रीण त्यांतलीच एक. तिने निवेदनावर स्वतःच्या नावाने सही केली आणि मला एक खरमरीत पत्रही लिहिले, ते तिच्या परवानगीने याच अंकात छापत आहोत. तुमच्या भागात असे निवेदन आले असेल तर तुमच्या गटाने काय केले, ते जरूर कळवा.