पुरुषांसाठी लस आणि भोर-वेल्ह्याची वाट

संततिनियमनाचा भार पुरुषानेही उचलावा, हे तत्त्व आता कोणी जाहीरपणे नाकारीत नाही. व्यवहार मात्र निराळा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली. पतीने ती करून घेतल्याचे प्रमाण अवघे ०.३ टक्के! भाटघर जलाशयापलीकडच्या वाडीतील किंवा तोरण्याच्या पायथ्याच्या वस्तीवरील जी स्त्री भर पावसात गुडघाभर चिखलात भातलावणी करते, तिच्याच वाट्याला टाके येतात आणि वर जड ओझे न उचलण्याचा उपदेशही तिलाच ऐकावा लागतो.

म्हणूनच पुरुषासाठी लस बनविण्याच्या खटाटोपाकडे आम्ही आस्थेने पाहतो. शुक्रपेशी वयात आल्यावरच निर्माण होत असल्याने शरीराची संरक्षकव्यवस्था त्यांना आपल्या मानीत नाही. वृषणातील पडदा त्यांना तिच्यापासून दूर ठेवतो. काही वंध्य पुरुषांच्या रक्तात शुक्रपेशींविरुद्ध प्रतिपिंडे आपोआपच आढळतात. तीच अवस्था हेतुपुरस्सर, पण तात्पुरती आणावी, अशी ही कल्पना. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी मानवी शुक्रपेशीवरील ८० किलोडाल्टन वजनाच्या प्रथिनावर याच दिशेने काम केले. २००४ मध्ये उत्तर कॅरोलिनातील ओ'रँड आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधक यांनी ‘एपिन’ या प्रथिनाची लस नर माकडांना दिल्याचे प्रसिद्ध झाले. नऊपैकी सात माकडांत प्रतिपिंडे भरपूर वाढली व ती सातही वंध्य झाली. लस थांबविल्यावर त्यांतील पाचांची प्रजननक्षमता परतली.

उरलेल्या चारांचा विचार मात्र केलाच पाहिजे. दोघांना लस पुरेशी लागू पडली नाही आणि दोघांची क्षमता परत आली नाही. प्रत्येकाचे शरीर लशीला सारखाच प्रतिसाद देत नाही, ही या मार्गातील खरी अडचण. लस घेणाऱ्याच्या प्रतिपिंडांची पातळी वरचेवर तपासावी लागेल. पुण्यात हे काम अर्ध्या तासाचे. वेल्ह्याच्या (आता राजगड तालुका) डोंगरवस्तीवरून त्यासाठी दिवसाचा रोजगार बुडवून किती जण खाली उतरतील? आणि तपासणी चुकली, तर तिचे फळ पुन्हा पत्नीच्याच पदरी. ओ'रँड यांनी स्वतःच पुढे एपिनला चिकटून शुक्रपेशींची गती मंदावणाऱ्या एका रसायनाचा माकडांवरील प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध केला, ही गोष्ट बोलकी आहे.

दुसरी शंका नावाविषयी आहे. १९७६-७७ मध्ये देशात सुमारे ६२ लाख पुरुषांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील सक्तीची आठवण अद्याप बुजलेली नाही. ‘लशीने मूल होत नाही’ ही अफवा पोलिओ मोहिमेलाही भोवली होती. आता तेच लशीचे अधिकृत प्रयोजन ठरल्यास बालकांना गोवराची लस टोचणाऱ्या परिचारिकेने उंबरठ्यावरील आजीबाईंना काय सांगावे? हे औषध उद्या सिद्ध झालेच, तर त्याला ‘लस’ हे नाव देऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

संशोधन चालू राहावे, त्याला पैसाही मिळावा. परंतु बिनटाक्याची पुरुष शस्त्रक्रिया आजच उपलब्ध आहे, काही मिनिटांत होते आणि स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी आहे. भोर-वेल्ह्यातील आरोग्य केंद्रांनी त्यासाठी पतीशी बोलणारा पुरुष कर्मचारी नेमून घरोघर पाठवावा; प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे त्यांना कारण नाही.