संशोधनाचा पैसा व मुलांचा होकार

आमच्या शाळेच्या कचेरीत दरसाल चार-दोन पत्रे अशी येतात की, त्यांत मुलांची मागणी असते. कोणा संस्थेस अथवा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यास मुलांविषयी संशोधन करावयाचे असते, व त्यासाठी अमुक इयत्तेतील पन्नास-साठ मुले एका तासापुरती हवी असतात. कोणास मुलांच्या झोपेविषयी विचारावयाचे असते, कोणास घरच्या जेवणाविषयी, कोणास भीतीविषयी. पत्रासोबत एक छापील संमतिपत्र जोडलेले असते व त्याच्या तळाशी बहुधा एकच रेघ असते : मुख्याध्यापकांची सही. ह्या रेघेविषयी, व तिच्यामागे उभ्या असलेल्या पैशाविषयी, आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत. विषय काहीसा रूक्ष आहे हे आम्ही जाणतो. परंतु ज्यांची मुले ह्या शाळेत शिकतात त्या पालकांस, व ज्यांस हे प्रश्न विचारले जातात त्या विद्यार्थ्यांस, तो परका वाटू नये.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. वसतिगृहातील मुलांच्या स्थितीचा अभ्यास करणारे दोघे तरुण आमच्याकडे आले. बोलणे सभ्य, कागदपत्रे नीटनेटकी. त्या वेळी वसतिगृहाची देखरेख आमच्याकडे होती. आम्ही सही केली. रात्रीच्या अभ्यासाच्या तासाला मुलांस ओळीने बसवून प्रश्नपुस्तिका वाटण्यात आल्या. मुलांनी ती परीक्षा समजूनच सोडविली; एकाने तर वरच्या कोपऱ्यात आपला हजेरी क्रमांकही घातला. पुस्तिका गोळा झाल्या, प्रत्येकास एकेक पेन मिळाले, व पाहुणे रात्रीच्या गाडीने निघून गेले. दिवे मालविल्यावर सातवीतील एक मुलगा आमच्या दाराशी येऊन उभा राहिला. "सर, मी लिहिलं ते बाबांना कळेल का?" एवढेच त्याने विचारले. काय लिहिले हे त्याने सांगितले नाही, व ते विचारण्याचा धीर त्या रात्री आम्हांस झाला नाही. पुस्तिकेत घरच्या मारहाणीविषयी सात प्रश्न होते, हे दुसऱ्या दिवशी एक कोरी प्रत हाती आली तेव्हा आम्हांस कळले. सही करण्यापूर्वी आम्ही ती वाचली नव्हती.

त्या मंडळींस आम्ही पत्र लिहून विचारले की, ह्या मुलाशी बोलण्यास कोणी जाणता मनुष्य पाठविता येईल काय? उत्तर आले, तेही सभ्यच होते. अनुदानाची मुदत संपली असून पुनर्भेटीची तरतूद मूळ अंदाजपत्रकात नव्हती. मुलाशी पुढे आम्हीच बोललो, जसे साधले तसे. त्या तरुणांस दोष द्यावयाचा झाला तर आधी स्वतःच्या सहीस द्यावा लागेल, म्हणून तो विषय सोडून देतो. पण 'तरतूद नव्हती' हे दोन शब्द मात्र मनातून गेले नाहीत. पेनांची तरतूद होती.

अशा लोकांस फाटकातूनच परत पाठवावे, असे आमच्या एका सहकाऱ्यांचे मत आहे. ते आम्हांस पटत नाही. मुलांस विचारले नाही म्हणून मुलांचे दुःख नाहीसे होत नाही. ते केवळ मोजले जात नाही. आपल्या देशाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांविषयी एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. 'प्रयास' ह्या संस्थेने केलेल्या त्या पाहणीस युनिसेफ व 'सेव्ह द चिल्ड्रन' ह्यांचे साहाय्य होते. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांस प्रश्न विचारले गेले, व त्यांत घरातील, शाळेतील, कामावरील, रस्त्यावरील आणि संस्थांतील अशी सर्व प्रकारची मुले होती. तीन मुलांमागे दोघांनी मारहाण सोसल्याचे सांगितले. ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार भोगल्याचे सांगितले, व त्यांतील बहुतेकांनी ती गोष्ट तोपर्यंत कोणासही सांगितली नव्हती. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ला होता. हा शेवटचा आकडा वाचून आम्हां शिक्षकांची मान खाली जावी हे योग्यच होय. घरे सुरक्षित आहेत, शाळा सुरक्षित आहेत, असे म्हणणाऱ्यांस ह्या पाहणीनंतर नुसत्या श्रद्धेवर बोलता येईनासे झाले. आणि २०१२ साली बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा जो कायदा झाला, त्याच्या चर्चेत हे आकडे पुनःपुन्हा पुढे आले. अशा कामास पैसा मिळालाच पाहिजे. तो कोणत्या अटींवर मिळावा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मुलांविषयीचे पुष्कळ संशोधन वसतिगृहांत, अनाथाश्रमांत व बालगृहांत का होते, ह्याचा वाचकांनी कधी विचार केला आहे काय? तेथे शंभर मुले एका सहीवर मिळतात. घरोघर जावे तर शंभर आईबापांस समजवावे लागते, कोणी दार लावून घेतो, कोणी उलट प्रश्न विचारतो. त्यात दिवस जातात व दिवसांस पैसा लागतो. ज्याच्या पाठीशी विचारणारे माणूस नाही असे मूल संशोधनास स्वस्त पडते. हे कठोर वाटेल, पण इतिहास ह्याहून कठोर आहे.

१९३९ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट येथील अनाथालयात असाच एक प्रयोग झाला. वेंडेल जॉन्सन हे वाचादोषांचे नामांकित अभ्यासक. ते स्वतः तोतरे बोलत. तोतरेपणा जन्मजात नसून, 'तू अडखळतोस' असे वडील माणसांनी सतत हिणविल्याने तो जडतो, असा त्यांचा तर्क होता. तो पडताळण्यासाठी त्यांची विद्यार्थिनी मेरी ट्यूडर हिने त्या अनाथालयातील २२ मुले निवडली. त्यांतील सहा मुले स्पष्ट व सरळ बोलणारी होती. त्यांस महिनोन्महिने सांगण्यात आले की, तुमच्या बोलण्यात तोतरेपणाची चिन्हे दिसू लागली आहेत, नीट बोलता येत नसेल तर बोलू नये. मुले तोतरी झाली नाहीत. पण ती मुकाट झाली, वर्गात उत्तर देण्यास भिऊ लागली. आपल्यावर प्रयोग चालला आहे हे त्यांस कोणी सांगितले नव्हते. आपल्यावर उपचार होत आहेत असे ती समजत होती. प्रयोग संपल्यावर ट्यूडरबाई स्वतःहून पुन्हा त्या अनाथालयात गेल्या व मुलांची भीती घालविण्याची त्यांनी खटपट केली, परंतु जे बसले ते निघाले नाही. २००१ साली एका वृत्तपत्राने हे प्रकरण उघडकीस आणले, विद्यापीठाने जाहीर क्षमा मागितली, व २००७ साली राज्याने त्यांपैकी काहींस आणि काहींच्या वारसांस मिळून ९,२५,००० डॉलर देण्याचे मान्य केले. अडुसष्ट वर्षांनी! एका पदवीच्या प्रबंधास जो खर्च आला असेल त्याच्याशी ही रक्कम ताडून पाहावी.

याच्या अगदी उलट नव्हे, पण पुष्कळच वेगळे असे दुसरे उदाहरण रुमानियाचे आहे. १९८९ च्या डिसेंबरात तेथील चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुले सरकारी अनाथालयांत असल्याचे जगास दिसले. २००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स व चार्ल्स झीना ह्या तिघा अमेरिकन अभ्यासकांनी बुखारेस्ट शहरातील सहा अनाथालयांत १३६ अगदी लहान मुलांचा अभ्यास आरंभिला. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे निम्मी मुले कुटुंबांत वाढविण्यास दिली. निम्मी होती तेथेच राहिली. पैसा मुख्यत्वे मॅकआर्थर फाउंडेशनचा होता. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या शहरात परके मूल घरी ठेवून वाढविणारी कुटुंबे त्या वेळी जवळजवळ नव्हतीच. ती शोधून, शिकवून, त्यांस दरमहा खर्च देऊन उभी करणे हाच त्या योजनेच्या खर्चाचा एक भाग होता. मापन करणाऱ्यांच्या वेतनाबरोबर मुलाच्या दुधाचाही हिशेब त्यात होता. साडेचार वर्षांच्या वयास बुद्धीचे माप घेतले तेव्हा अनाथालयातील मुलांची सरासरी ७३ भरली, कुटुंबांत गेलेल्यांची ८१, व जन्मापासून आईबापांपाशी असलेल्यांची १०९. जी मुले लवकर कुटुंबात गेली त्यांचा लाभ अधिक. पुढे कुटुंबांचा खर्च तेथील स्थानिक सरकारांनी आपल्याकडे घेतला. आणि २००४ च्या कायद्याने, तीव्र अपंगत्व असलेल्यांचा अपवाद करून, दोन वर्षांखालील मुलांस अनाथालयात ठेवणे तेथे बंद झाले.

तरीही ह्या ठिकाणी आमचे मन अडते. जी ६८ मुले मागे राहिली त्यांचे काय? संशोधकांचे म्हणणे असे की, आमच्यावाचून ती सर्वच मागे राहिली असती, व मागाहून ज्यास बाहेर जाण्याची संधी मिळाली त्यास आम्ही अडविले नाही. हे खरे आहे, व सुज्ञ मंडळींनी त्यावर वर्षानुवर्षे वाद केला आहे. आम्हांस त्याचा निकाल लावता येत नाही. मात्र असा वाद उघडपणे होऊ शकला हेच डॅव्हनपोर्टहून मोठे अंतर होय.

आता पैशाकडे येऊ. अनुदान देणारा, मग ते सरकार असो, विद्यापीठ असो वा व्यापारी कंपनी असो, संशोधकास विचारतो की, किती मुले, किती महिने, किती रुपये? मुलांची संख्या मोठी दिसली की त्यास काम मोठे वाटते. आमच्या मते त्याने आधी हे विचारावे की, एखादे मूल प्रश्न वाचून रडू लागले तर त्याच्याशेजारी बसण्यास कोणाचे वेतन धरले आहे? हा केवळ दयेचा मुद्दा नाही. २०१२ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, मुलावर असा अत्याचार झाल्याचे ज्यास कळले त्याने ते पोलिसांस कळविलेच पाहिजे. संशोधकासही त्यातून सूट नाही. मग 'तुम्ही लिहाल ते कोणासही सांगणार नाही' हे पहिल्या पानावरील आश्वासन खरे कसे? ते देऊ नये. काय गुप्त राहील व काय राहू शकणार नाही, हे मुलास आरंभीच त्याच्या भाषेत सांगावे. आणि सांगितल्यावर पुढे जे घडेल त्यात त्यास एकटे सोडू नये. ह्यास समुपदेशक लागतो, दुसरी भेट लागते, कधी तिसरी लागते. निदान प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर १०९८ हा क्रमांक तरी छापावा. मुलांसाठीची ही दूरध्वनी सेवा १९९६ साली मुंबईतच टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून सुरू झाली, व तो क्रमांक फिरविण्यास मुलाच्या खिशात पैसा लागत नाही.

एवढा खर्च केल्यास मुलांची संख्या कमी करावी लागेल, हा आक्षेप आम्ही मान्य करतो. पाचशेंच्या जागी दोनशेच मुलांस विचारावे. घाईने पाचशेंस विचारून मिळालेली उत्तरे परीक्षेतील उत्तरांसारखी असतात : मुलास जे अपेक्षित वाटते ते ते लिहिते. आणि पैसा थोडा असला तरी तो टिकाऊ असावा. ऑक्सफर्ड विद्यापीठातून चालणाऱ्या 'यंग लाइव्ह्ज' ह्या अभ्यासात चार देशांतील सुमारे १२,००० मुलांकडे २००२ पासून अनेक वेळा परत जाण्यात आले. त्यांतील ३,००० तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातील. त्यास ब्रिटिश सरकारचा पैसा होता. तीन वर्षांच्या अनुदानात मूल मोठे होत नाही; ते कसे वाढले हे पाहावयाचे असेल तर वाट पाहणारा पैसा हवा.

दुसरे एक पथ्य आहे. कंपनी-कायद्याप्रमाणे २०१४ पासून मोठ्या कंपन्यांस आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास द्यावे लागतात, व त्यातून शाळांत पुष्कळ चांगली कामे झाली आहेत. पण ज्याने योजना चालविली त्यानेच ती सफल झाली की नाही हे पाहण्याचा पैसा द्यावा, आणि अहवाल छापावा की कपाटात ठेवावा हेही त्यानेच ठरवावे, ही रीत घातक आहे. प्रतिकूल उत्तरही छापले जाईल हे ज्या करारात लिहिलेले नाही, त्यावर आम्ही तरी सही करू नये.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या १२ व्या कलमात, स्वतःसंबंधीच्या बाबींत मत मांडण्याचा हक्क मुलास दिला आहे, व आपल्या देशाने १९९२ साली ती संहिता स्वीकारली. मुंबईच्या 'सेहत' ह्या संस्थेने २००० साली सामाजिक संशोधनाच्या नीतिनियमांची पुस्तिका काढली; आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली आरोग्यविषयक संशोधनासाठी असे ठरविले की, सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार घ्यावा व बारा ते अठराच्या मुलाचा लेखी, आईबापांची संमती वेगळी. तेव्हा पालकांनी सही करण्यापूर्वी प्रश्न वाचावेत, पैसा कोणाचा हे विचारावे. आणि विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, नको म्हटल्याने गुण कापले जात नाहीत.

आमच्या संमतिपत्रावर आता तीन रेघा आहेत. गेल्या जुलैत एक मंडळी आली, तिच्या अंदाजपत्रकात समुपदेशकाचे मानधन व दुसऱ्या भेटीचे गाडीभाडे वेगळे दाखविले होते. प्रश्न आधी वाचून दाखविण्यात आले. आठवीच्या चाळीस मुलांपैकी नऊ जणांनी नको म्हणून सांगितले. मंडळीने त्यांची नोंद तशीच करून घेतली. आम्ही वऱ्हांड्यातून पाहिले तेव्हा ती नऊ मुले मैदानावर पावसाने भिजलेल्या फरश्यांच्या तुकड्यांची लगोरी रचीत होती, आणि गडी समान होत नाहीत म्हणून त्यांचे भांडण चालले होते.