साथीचा हिशेब सीमेवर अडतो कुठे?

मादन हिप्परगा : देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू मार्च २०२० मध्ये आपल्या कलबुर्गीत झाला. मग टीव्हीवर रोज आलेख दिसू लागले. पण हे गणित जुनं आहे. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली मांडलेलं सूत्र मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंशी ताडून पाहिलं होतं.

हिशेब चक्रवाढ व्याजासारखा. एकाकडून दोघांना, दोघांकडून चौघांना. दहाव्या फेरीत १,०२४ नवे रुग्ण. एकाकडून सरासरी एकापेक्षा कमी जणांना लागण झाली, की साथ ओसरते. गोवर एकाकडून १२ ते १८ जणांना होऊ शकतो, म्हणूनच लसीकरण ९५ टक्क्यांवर लागतं.

अडचण आकड्यांची आहे. आळंद तालुक्यातली माणसं दवाखान्याला सोलापूर-उमरग्याला जातात, सोयरीकही तिकडेच. दोन्ही राज्यांनी आपापलेच रुग्ण मोजले, तर दोघांचाही अंदाज चुकणार. चेकपोस्टवर गाडी अडते, ताप अडत नाही. साथीच्या दिवसांत आळंद, अक्कलकोट, उमरगा या तालुक्यांनी निदान आठवड्याला एकदा आकडे एकमेकांना द्यावेत. त्याला मोठा खर्च नाही. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी मनावर घेतलं पाहिजे.