रिकामे आकाश : लढाऊ विमानांच्या प्रतिकृती आणि सोयीस्कर विस्मरण

१/ एका प्रश्नाने आरंभ करते. मेसरश्मिट २६२ या जर्मन जेट विमानाचे नवे प्लास्टिक किट बाजारात आले की जाणकार मंडळी भिंग घेऊन बसतात. पंखांचा कोन मोजला जातो, रिव्हेटांच्या ओळी जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्या जातात, एखादी ओळ चुकली तर उत्पादकाची धडगत नसते. या काटेकोरपणाला माझी हरकत नाही. एवढेच विचारायचे राहून जाते, की मूळ विमानावर त्या रिव्हेट ठोकणारे हात कोणाचे होते?

२/ याचे उत्तर गूढ नाही. ऑस्ट्रियातील सेंट गेऑर्गेन येथे डोंगराच्या पोटात ‘बेर्गक्रिस्टाल’ या सांकेतिक नावाने बोगदे खोदण्यात आले. खोदणारे होते माउटहाउसेन-गुझेन छळछावणीतील कैदी. युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत याच बोगद्यांत या जेटची धडे जोडली जात होती. उपासमार, मारहाण आणि अतिश्रम यांनी तिथे हजारो माणसे मेली. फ्लोसेनब्युर्ग छावणीतही १९४३ पासून मेसरश्मिट १०९ चे भाग कैद्यांकडून बनवून घेतले जात होते.

३/ म्हणजे आपण रिव्हेट मोजतो आणि हात मोजत नाही. या थ्रेडमधील माझे म्हणणे एवढेच आहे : लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींचा छंद स्वतःला ‘अचूक इतिहास’ म्हणवतो, परंतु त्याची अचूकता विमानाच्या पत्र्यापाशी संपते. पत्र्यापलीकडचा इतिहास त्याने पद्धतशीरपणे पुसला आहे. आणि ‘हा नुसता छंद आहे’ ही सबब आता पुरेशी नाही.

४/ प्रथम एक कबुली. मी स्वतः ही किटे बांधते. सांधे घासून गुळगुळीत करणे, मास्किंग टेप लावून रंगाची रेघ सरळ काढणे, पाण्यात भिजवलेले डेकल जागेवर सरकवणे यांतला आनंद मला ठाऊक आहे. तेव्हा ही टीका बाहेरून दगड मारणाऱ्याची नाही. घरातल्या माणसाने घरातल्यांशी घातलेला वाद आहे, असे समजावे.

५/ या छंदाचा जन्म कुठे झाला ते पाहू. १९३६ मध्ये ब्रिटनमधील ‘फ्रॉग’ या नाममुद्रेने ‘पेंग्विन’ मालिकेत १/७२ प्रमाणातील प्लास्टिकची विमान-किटे आणली. पुढे १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांना आवाहन केले : १/७२ प्रमाणातील लाकडी विमाने तयार करून द्या. लक्ष्य होते पाच लाख प्रतिकृतींचे. आज किटांच्या खोक्यावर जे प्रमाण आपण सहज वाचतो, त्यामागे हाही वारसा आहे.

६/ त्या लाकडी विमानांना काळा रंग देत. कारण त्यांचे काम एकच होते : आकाशातील काळी आकृती पाहून क्षणार्धात ठरवायचे, की हे आपले की शत्रूचे, गोळी झाडायची की नाही. विमानाची बाह्याकृती ओळखणे आणि बाकी सर्व दृष्टीआड करणे हे त्या डोळ्याचे शिक्षण होते. युद्धकाळात ते गरजेचे होते. प्रश्न असा आहे, की युद्ध संपून आठ दशके लोटली तरी आपला डोळा अजून त्याच शाळेत का बसला आहे?

७/ आता खोक्यावरील चित्रांकडे वळू. १९६४ ते १९७४ या काळात रॉय क्रॉस या चित्रकाराने एअरफिक्ससाठी काढलेली चित्रे आजही नावाजली जातात. त्यांत बॉम्ब पडत असत, शत्रूची विमाने पेटलेली दिसत, खाली धूर उठे. पुढे काही आवृत्त्यांत हाच मजकूर चित्रावरून पुसण्यात आला. स्फोट गेले, जळते विमान गेले. उरले ते स्वच्छ आकाश आणि त्यात कोणतेही प्रयोजन नसलेले एक सुंदर यंत्र.

८/ त्या दुरुस्तीमागचा हेतू वाईट नसेलही. मुलांच्या वस्तूवर हिंसा नको, खोक्यात नाही ते खोक्यावर दाखवू नये, अशी कारणे समजण्याजोगी आहेत. परंतु परिणाम पाहा. बॉम्बफेकी विमान विकायचे आणि बॉम्ब मात्र लपवायचा! हिंसा कमी झाली नाही, फक्त दिसेनाशी झाली. मूळ चित्र निदान प्रामाणिक तरी होते.

९/ दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. नाझी काळातील जर्मन विमानांच्या शेपटावर स्वस्तिक असे. जर्मनीच्या दंडसंहितेतील कलम ८६अ अन्वये अशा चिन्हांच्या प्रदर्शनावर निर्बंध आहेत. त्यामुळे अनेक किटांच्या खोक्यावरील चित्रात ते नसते. डेकलच्या कागदावरही नसते, किंवा दोन तुकड्यांत दिलेले असते. ज्या देशाने तो काळ भोगला आणि भोगायला लावला, त्याने असा कायदा करावा हे मी योग्यच मानते.

१०/ परंतु आपण भारतात बसून त्या रिकाम्या शेपटाकडे पाहतो तेव्हा काय शिकतो? छटांचे क्रमांक पाठ असलेले, वैमानिकांच्या बळींची संख्या तोंडावर असलेले, पण ते विमान कोणत्या राजवटीसाठी उडत होते याविषयी मौन पाळणारे तरुण मला इथे नित्य भेटतात. चिन्ह गेले, त्याबरोबर अपराधही गेला. उरला तो ‘शूर, स्वच्छ, तंत्रकुशल’ वैमानिक. एका सद्हेतूच्या कायद्याचा आपण लावलेला हा सोयीस्कर अर्थ आहे.

११/ तिसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे : बी-२९ ‘एनोला गे’. ६ ऑगस्ट १९४५ रोजी याच विमानाने हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत तिथे अंदाजे १,४०,००० माणसे मरण पावली. या विमानाची किटे मिळतात. नाकाजवळील ती अक्षरे वैमानिक पॉल टिबेट्सच्या आईच्या नावाची. बांधणाऱ्यांची खरी चिंता कोणती? चकचकीत धातूचा रंग बोटांचे ठसे न उमटता कसा द्यावा, ही.

१२/ हे केवळ छंदापुरते नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयाने १९९५ मध्ये या विमानाभोवती जे प्रदर्शन योजले होते, त्यात हिरोशिमातील बळींच्या वस्तूही मांडायच्या होत्या. माजी सैनिकांच्या संघटना आणि राजकारणी यांनी गदारोळ केला. मूळ योजना रद्द झाली, संचालक मार्टिन हारविट यांनी राजीनामा दिला. विमान मात्र दिमाखात मांडले गेले. खालच्या माणसांना वगळून वरचे यंत्र दाखवणे हा राजकीय निर्णयच असतो, हे तिथे उघड झाले.

१३/ “पण ही सारी परक्यांची भांडणे, आपला काय संबंध?” असे कोणी म्हणेल. म्हणून चौथे उदाहरण आपल्या उपखंडातले देते. बी.ई.२ हे पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश द्विपंखी विमान. एअरफिक्सने त्याचे १/७२ किट काढले आहे. छंदाच्या जगात त्याची ओळख काय? फोकर विमानांचे भक्ष्य ठरलेले संथ यान, आणि १९१६ मध्ये लीफ रॉबिन्सनने ज्यातून जर्मन हवाईजहाज पाडून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला ते विमान.

१४/ आता तारीख पाहा : १४ एप्रिल १९१९. जालियनवाला बागेतील हत्याकांडाच्या दुसऱ्या दिवशी पंजाबातील गुजरांवाला येथे लोकक्षोभ उसळला. सरकारी इमारती पेटल्या, रेल्वे आणि तारयंत्रणा तुटली, फौज वेळेत पोहोचेना. तेव्हा लाहोरहून विमाने धाडण्यात आली. त्यांनी गुजरांवाला आणि आसपासच्या वस्तीवर बॉम्ब टाकले, मशीनगन चालवली. पंजाबात त्या वेळी तैनात असलेली विमाने याच बी.ई.२ कुळातील होती.

१५/ वैमानिक मेजर कार्बेरी याची हंटर समितीपुढे साक्ष झाली. लाल रंगाच्या एका मोठ्या इमारतीजवळ जमलेल्या लोकांवर त्याने बॉम्ब टाकला होता. ती इमारत खालसा हायस्कूल आणि त्याचे वसतिगृह होती. जमावातील निरपराध कोण हे आकाशातून ओळखता येणे शक्यच नव्हते. लोक पुन्हा जमू नयेत म्हणून हे केले, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता.

१६/ जालियनवाला आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. गुजरांवाला क्वचितच कोणाला आठवते. आणि ज्या विमानांच्या कुळाने ते घडवले, त्याचे तारेचे ताण आपण केसाएवढ्या धाग्याने बसवतो, कौतुकाची दाद घेतो आणि कपाटात ठेवतो. आपल्याच माणसांवर उडालेले यंत्र आपण परक्याच्या नजरेने पाहायला शिकलो, हा माझा खरा आक्षेप आहे.

१७/ आता प्रतिवाद. पहिला : “छंद म्हणजे प्रबंध नव्हे.” मान्य. पण मग ‘ऐतिहासिक अचूकता’ हा शब्दही सोडा. शेपटाच्या निळ्या छटेवरून दोन-दोन दिवस वाद घालताना आपण पुरावे मागतो, साधनांची चिकित्सा करतो. तिथे इतिहासकार आणि बॉम्बचा विषय निघाला की लगेच हौशी कलावंत, ही दुटप्पी भूमिका चालणार नाही.

१८/ दुसरा : “कशाला सर्वत्र राजकारण आणता?” मी आणत नाही, ते खोक्यात आधीच आहे. लढाऊ विमान हे राज्यसंस्थेने, करदात्याच्या पैशाने, कोणाला तरी मारण्यासाठी वा मारण्याचा धाक घालण्यासाठी बनवलेले साधन असते. कधी ते संरक्षणासाठी असते, कधी दडपशाहीसाठी. हा फरक सांगायचा नाही असे ठरवणे म्हणजे तटस्थता नाही. त्याचा लाभ नेहमी दडपणाऱ्यालाच होतो.

१९/ तिसरा : “मग काय प्रेते मांडायची?” कोणीही तसे म्हटलेले नाही. उलट रंग आणि खुणाच किती बोलू शकतात ते पाहा. आग्नेय आशियातील आघाडीवर ब्रिटिश विमानांच्या वर्तुळातून मधला तांबडा ठिपका काढून टाकण्यात आला, कारण जपानी सूर्यचिन्हाशी गल्लत होऊन आपलेच विमान पाडले जाण्याची भीती होती. ब्रह्मदेशात लढणाऱ्या भारतीय हवाई दलाच्या विमानांवरही हीच निळी-पांढरी खूण आली. एका ठिपक्यात केवढा इतिहास!

२०/ तसेच नॉर्मंडीतील अवतरणापूर्वीचे काळे-पांढरे पट्टे. जून १९४४ च्या पहिल्या आठवड्यात, गुप्तता राखण्यासाठी अगदी शेवटच्या क्षणी हुकूम निघाला आणि जमिनीवरील कर्मचाऱ्यांनी हाती आलेल्या ब्रशांनी घाईघाईत ते रंगवले. अनेक विमानांवर ते वेडेवाकडे होते. आपण मात्र टेप लावून ते रेषेत आणतो. वाकडा पट्टा हाच तिथे पुरावा आहे : वैमानिकामागे राबणाऱ्या, कोणत्याही खोक्यावर न झळकणाऱ्या माणसांचा.

२१/ म्हणजे साधने आपल्याकडे आहेत. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तांबडा आणि पिवळा रंग काळपट दिसतो, म्हणून छायाचित्रावर आंधळा विश्वास ठेवू नये, हे किट बांधणारा विद्यार्थी इतिहासाच्या वर्गापूर्वीच शिकलेला असतो. ही उत्तम साधनचिकित्सा आहे. तीच पुढे न्यायची : हे विमान कोणी बांधले? कोणाच्या हुकमाने उडाले? त्याच्याखाली कोण होते?

२२/ आणि आपल्याला हे शिकवायला परदेशातून कोणी यायला नको. दिवाळीतला किल्ला आठवा. मातीचा तो गड कधी एकटा नसतो. पायथ्याशी गाव असते, विहीर असते, शेतात अळीव उगवलेले असते, मावळ्यांच्या शेजारी गवळण आणि वासुदेवही उभे असतात. गडाचे नाव पाटीवर लिहिलेले असते आणि पाहुणा आला की पोरे त्याची हकिकत सांगतात. गडाखाली माणसे राहत होती, हे सात वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते.

२३/ माझी मागणी तेवढीच आहे. प्रतिकृतीच्या बैठकीवर विमानाचे नाव आणि छटेचा क्रमांक जसा लिहिता, तशी आणखी एक ओळ लिहा : ठिकाण, तारीख आणि खालची माणसे. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी परीक्षणाच्या निकषांत या ओळीला गुण द्यावेत. ज्यांनी मायदेश राखताना प्राण दिले, त्यांनाही यातून न्यायच मिळेल. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर एकाकी झुंजलेल्या निर्मलजितसिंग सेखों यांचे नॅट विमान शहराशिवाय दाखवले, तर त्यांनी काय राखले हे कळणार कसे?

२४/ माझ्या टेबलावरील बी.ई.२ च्या बैठकीवर मी लिहिले आहे : ‘गुजरांवाला, १४ एप्रिल १९१९. खाली शाळा होती.’ ते पाहून घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, “हे काय प्रकरण आहे?” आणि मग दहा मिनिटे आम्ही इतिहासावर बोलतो. आजवर माझ्या कोणत्याही निर्दोष सांध्याने हे साधले नव्हते.

थ्रेड समाप्त. तपशिलात चूक आढळल्यास पुराव्यासह दाखवून द्यावी, दुरुस्ती अवश्य करीन. मताशी मतभेद असल्यास वाद घालावा. आपल्या प्रतिकृतीखालची ओळ मात्र जरूर लिहून पाठवावी.