तीन चाकं आणि आईची कंबर

मोताळ्यात कुणी आई बाळाची ढकलगाडी घेऊन निघाली की टोमणा ठरलेला: "कडेवर घ्यायला हात नाहीत का?" असं बोलणाऱ्यांत मूल कडेवर घेऊन बाजार हिंडलेले पुरुष फारसे नसतात. कडेवर १० किलोचं मूल, हातात भाजीची पिशवी, बुरखा सावरायचा तो वेगळाच. कंबर जाते आईचीच. आणि पांगुळगाडाही तीन चाकीच की! त्याला कुणी शहरी थेर म्हटलं नाही.

छोटी तीनचाकी घ्यावी, पण बघून. खडबडीत रस्त्यावरही तिन्ही चाकं टेकलेली राहतात. मात्र झटक्यात वळवली तर रिक्षासारखी कलंडते. पुढचं चाक मोठं हवं. इवलंसं चाक मॉलच्या फरशीवर पळतं, आपल्या काळ्या मातीत रुततं. बुलढाण्याला राजूर घाट चढायचा किंवा मलकापूरला रेल्वे गाठायची, तर घडी एसटीत पायांशी मावली पाहिजे. दांड्याला जड पिशवी अडकवू नका, हलक्या बाळासकट गाडी मागे उलटते. अजून न बसणाऱ्या तान्ह्याला मात्र सपाट झोपवणारीच हवी.

दुकानात गाडी ढकलून बघायला अब्बांनाही न्या. दांडा त्यांच्या उंचीला पुरतो का, तेही कळेल.