तळी बुजवली कोणी, बुडाले कोण?

४ सप्टेंबर २०२२ च्या रात्री बंगळूरमध्ये सुमारे १३० मिलिमीटर पाऊस झाला आणि शहराच्या पूर्वेकडील बेळ्ळंदूर-महादेवपुरा हे उपनगर पाण्याखाली गेले. काचेच्या मनोऱ्यांत काम करणारे अभियंते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून कचेरी गाठू लागले. कोट्यवधी रुपयांच्या बंगल्यांतील रहिवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. त्याआधी ३० ऑगस्टला रस्ते तुंबल्यामुळे एका दिवसात २२५ कोटींचे नुकसान झाल्याचे बाह्य वर्तुळ मार्गावरील कंपन्यांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना कळवले होते. भांडवली वृत्तपत्रांनी हा आकडा ठळक अक्षरांत छापला. पण त्याच रस्त्यांच्या कडेला ताडपत्रीच्या झोपड्यांत राहणाऱ्या बिगारी कामगारांचे, कचरावेचकांचे आणि चहाच्या टपरीवाल्यांचे किती दिवसांचे पोट बुडाले, याचा आकडा कोणत्या मथळ्यात झळकला?

सत्ताधाऱ्यांनी ‘अभूतपूर्व’ पावसाला आणि आधीच्या काँग्रेस सरकारांच्या कारभाराला दोष दिला. विरोधकांनी तो दोष सरकारच्या माथी मारला. दोन्ही बाजूंनी मूळ प्रश्नाला बगल दिली. हे पाणी आले तरी कुठून आणि त्याची वाट कोणी अडवली?

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. जवळ समुद्र नाही, मोठी नदीही नाही. म्हणून शतकानुशतके येथील माणसांनी उतारावर बांध घालून तळी उभारली. एका तळ्याचे जादा पाणी ‘राजकालुवे’ म्हणवल्या जाणाऱ्या मोठ्या ओढ्यांतून खालच्या तळ्यात उतरे. १६३८ नंतर शहाजीराजांकडे जहागीर आली ती याच तळ्यांच्या शहराची. पाणी सोडणारा ‘नीरगंटी’, शेतकरी, धोबी आणि मच्छीमार या सर्वांचा चरितार्थ त्या काठावर चालत असे. बेळ्ळंदूर हे या साखळीतील सर्वांत मोठे तळे. तेथून पाणी वर्तूर तळ्यात आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीत जाते.

१८९६ च्या सुमारास हेसरघट्ट्याहून नळाचे पाणी आले. १९७४ साली सुमारे १०० किलोमीटरवरून कावेरीचे पाणी आले. पाण्याची सोय दुसरीकडून होताच तळे हे तळे उरले नाही. धनिकांच्या आणि सरकारच्या दृष्टीने ती केवळ ‘मोकळी जमीन’ ठरली. धर्मांबुधी तळ्यावर मॅजेस्टिकचे बसस्थानक उभे राहिले. संपंगी तळ्यावर कंठीरव क्रीडांगण झाले. करग उत्सवापुरते एक लहानसे कुंड तेवढे शिल्लक ठेवले गेले. चल्लघट्टा तळ्याच्या जागी गोल्फचे मैदान पसरले. हे सारे झोपडपट्टीवाल्यांनी केले काय? विधानसभेच्या कोळीवाड समितीने तळ्यांच्या १० हजार एकरांहून अधिक जमिनीवर अतिक्रमण झाल्याचे नोंदवले आणि अतिक्रमण करणाऱ्यांत सरकारी संस्थांचीही गणना केली. कायद्याचा रखवालदारच येथे वाटेकरी होता.

उरलेल्या तळ्यांत शहराने आपले सांडपाणी सोडले. बेळ्ळंदूरच्या पाण्यावर विषारी फेस चढला आणि २०१५ नंतर त्या फेसाने व काठच्या गवताने अनेकदा पेट घेतला. तरीही काठावरील सदनिका ‘तलावाचे दर्शन’ या नावाखाली चढ्या भावाने विकल्या जात राहिल्या. दर्शन विकणारा पैसे घेऊन मोकळा झाला. दुर्गंधी आणि पूर मात्र विकत घेणाऱ्याच्या वाट्याला आला.

मग बुलडोझर कोणावर चालला? २०१६ साली अवनी शृंगेरीनगरात आयुष्यभराची पुंजी ओतून बांधलेली घरे पाडली गेली. त्यांतील अनेकांजवळ मंजूर नकाशे आणि खाते-उतारे होते. जानेवारी २०२० मध्ये बेळ्ळंदूरजवळच्या करियम्मन अग्रहारात तर पुराचे निमित्तही नव्हते. तेथील कष्टकरी ‘बांगलादेशी’ असल्याची आवई उठवली गेली आणि त्यांच्या झोपड्या जमीनदोस्त झाल्या. उच्च न्यायालयाने त्या कारवाईवर ताशेरे ओढले, पण तोवर संसार उघड्यावर पडले होते. मोठ्या संकुलांसाठी मोजणी, फेरमोजणी आणि स्थगिती असते; झोपडीसाठी एक सकाळ पुरते.

ही केवळ बंगळूरची कथा नव्हे. मुंबईत मिठी नदीच्या खाडीकाठची खारफुटी आणि दलदल भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभारले गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्या आक्रसलेल्या नदीचे पाणी कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत घुसले. त्यानंतरही मिठीकाठच्या झोपड्यांनाच प्रथम गुन्हेगार ठरवण्यात आले. समुद्राचा काठ असो वा तळ्याचा, ज्या क्षणी काठाची किंमत चौरस फुटात मोजली जाते, त्या क्षणी पाण्याचा आणि गरिबाचा हक्क एकदमच संपतो.

एंगल्सने १८७२ साली ‘घरांचा प्रश्न’ या लेखमालेत दाखवून दिले होते की भांडवलदार वर्ग गलिच्छ वस्तीचा प्रश्न सोडवत नाही, तो तिला दुसरीकडे हलवतो. बंगळूरने त्यात भर घातली आहे. येथे पाणीही हलवले जाते आणि ते अखेरीस सर्वांत सखल जागी राहणाऱ्याच्या दारात आणून सोडले जाते.

म्हणून ‘अतिक्रमण हटवा’ ही घोषणा ऐकताच टाळी वाजवण्यापूर्वी विचारले पाहिजे : सुरुवात कोणापासून? मूळ गाव-नकाशे जाहीर करा. राजकालुव्यांवरील मोठी संकुले आणि सरकारी बांधकामे प्रथम मोजा. बेकायदा मंजुरी देणारा अधिकारी आणि नफा घेऊन गेलेला बिल्डर यांच्याकडून भरपाई वसूल करा. पर्यायी घर दिल्याखेरीज कोणत्याही कष्टकऱ्याच्या छपराला हात लावू नका. पाण्याला त्याची वाट मोकळी करून द्यावीच लागेल. पण तिची किंमत ज्यांनी ती वाट विकून खाल्ली त्यांनीच मोजली पाहिजे.